डिबगरचा महागडा डबा घेऊन द्यावा का?

प्रश्न: रत्नागिरीत मिरकरवाड्याला माझी बोट आहे. मुलगा पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टच्या नव्या बोर्डवर लिनक्स चढवतोय, पण पडद्यावर ‘स्टार्टिंग कर्नल’ एवढंच उमटतं आणि पुढे सगळं गप्प. महिनाभर रात्री जागतोय. आता प्रोसेसर मधेच थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारा डबा, हजारो रुपयांचा जेटॅग डिबगर, मागतोय. द्यावा का? या कामात पोट भरतं, की पुण्याला वेबसाइटच्या कोर्सला घालू?

उत्तर: नमस्कार. डबा सध्या घेऊ नका. मुलाला मात्र या वाटेवरून हटवू नका.

बोटीचं इंजिन धरत नसलं की चांगला मेकॅनिक लगेच हेड उघडत नाही. डिझेल पोचतंय का, लाइनीत हवा धरलीय का, हे आधी बघतो. बोर्डचंही तसंच असतं. आधी मल्टिमीटरने व्होल्टेज, मग क्लॉक, मग रीसेट, मग सिरियल पोर्ट, म्हणजे बोर्डचं बोलणं पडद्यावर आणणारी जोडणी. ‘स्टार्टिंग कर्नल’ दिसतं म्हणजे प्रोसेसर चालतोय, रॅम निदान यू-बूटपुरती (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उठवणारा आधीचा छोटा प्रोग्राम) तरी धड आहे आणि सिरियलच्या वायरी बरोबर आहेत. बरंच काम झालंय त्याचं.

इथे गप्प झालेला कर्नल पुष्कळदा चालत असतो, फक्त त्याचं बोलणं आपल्यापर्यंत पोचत नाही. बूटआर्ग्समध्ये, म्हणजे कर्नलला सुरुवातीला दिलेल्या सूचनांमध्ये, कन्सोलचं (बोलायच्या पोर्टचं) नाव चुकलेलं असतं, नाहीतर डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डवर काय कुठे आहे त्या यादीत, यूआर्टचा (सिरियल पोर्टच्या सर्किटचा) पत्ता. त्याला कर्नलची ‘अर्लीकॉन’ ही सोय चालू करून बघायला सांगा. सिरियलचा खरा ड्रायव्हर उठण्याआधीच कर्नल त्यातून बोलू लागतो. तरीही काही आलं नाही तर पॉवर न काढता नुसता रीसेट द्यायचा, यू-बूटमध्ये थांबायचं आणि कर्नलचा लॉग बफर (त्याच्या संदेशांची नोंद) होता ती मेमरी ‘एमडी’ कमांडने वाचायची. बफरचा पत्ता कर्नल बनवताना तयार होणाऱ्या सिस्टिम डॉट मॅप फाइलमध्ये असतो, तो फिजिकल, म्हणजे रॅममधला खरा पत्ता, करून घ्यायचा. रॅम पुसली गेली नसेल तर कर्नलने लिहिलेल्या शेवटच्या ओळी तिथे सापडतात.

मार्गदर्शनात येण्याआधी मी हेच काम करत होतो. एका बोर्डवर आठवडाभर रॅमवर संशय घेतला. मेमरी वाचली तेव्हा शेवटची ओळ होती रूट फाइल सिस्टिम माउंट न झाल्याची, म्हणजे लिनक्सच्या मुख्य फाइलींचा साठा न जोडला गेल्याची. कर्नल जवळजवळ शेवटपर्यंत पोचला होता! त्या रात्रीचा आनंद अजून आठवतो, म्हणून तुमच्या मुलाचं जागरण मला कळतं.

जेटॅग लागतो तो यू-बूटही उठत नाही तेव्हा, किंवा प्रोसेसर नेमका कुठे अडकलाय ते बघायचं असतं तेव्हा. शिकायला रास्पबेरी पाय पिको नावाचे दोन छोटे बोर्ड पुरतात, काही शे रुपयांचे. एकावर डिबगप्रोब नावाचं फर्मवेअर (चिपमध्ये बसणारा प्रोग्राम) टाकलं की एसडब्ल्यूडीच्या, म्हणजे जेटॅगसारख्याच डिबगच्या जोडणीच्या, दोन वायरी आणि ग्राउंड जोडून तो दुसऱ्याला हवं तिथे थांबवतो. त्यासाठी लागणारे ओपनओसीडी आणि जीडीबी हे प्रोग्राम फुकट आहेत. पावसात लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर क्यूईएमयूमध्ये (बोर्डची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) कर्नल पहिल्याच इन्स्ट्रक्शनला थांबवून सराव करता येतो.

आता पोटाचं. विजेचा मीटर, गाडी, दवाखान्यातला मॉनिटर, तुमच्या बोटीवरचा फिश फाइंडर, या सगळ्यांत नवा बोर्ड पहिल्यांदा कुणालातरी उठवावा लागतो. याला बोर्ड ब्रिंग-अप म्हणतात. पुण्यात आणि बेंगळुरूत हे काम करणाऱ्या कंपन्या आहेत. नवख्याच्या हाती सहसा लगेच असा बोर्ड देत नाहीत. सुरुवात टेस्टिंग किंवा फर्मवेअरपासून होते. म्हणून डिप्लोमानंतर थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घेऊन त्याने इंजिनिअरिंग करावं, असा माझा आग्रह आहे. सी भाषा पक्की हवी आणि चिपची शेकडो पानांची इंग्रजी माहितीपुस्तिका, म्हणजे डेटाशीट, न कंटाळता वाचता आली पाहिजे. वेबसाइटचं काम वाईट नाही, पण महिनाभर एका गप्प बोर्डपुढे बसणारा मुलगा रोज भेटत नाही हो.

त्याला एक वही घालायला सांगा. काय बदललं, पडद्यावर काय आलं, तारखेसकट. मुलाखतीत ही वही मार्कशीटच्या शेजारी ठेवावी.

बंदराची खारी हवा पिनांवर हिरवा गंज चढवते, तेव्हा बोर्ड झाकणाच्या डब्यात ठेवू दे. बोर्ड ३.३ व्होल्टचा असेल तर सिरियल केबलचा जंपरही ३.३ वरच हवा. आणि केबलची लाल, म्हणजे विजेची, वायर जोडायचीच नाही.