ग्रेड ४ लिहिण्याआधी
ओपीडीत नवीन आहेस म्हणून आधीच सांगते, स्नायूंची ताकद ० ते ५ मध्ये मोजताना नुसतं 'ग्रेड ४' लिहून मोकळी होऊ नकोस. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सांधा पूर्ण हलला की ३, हे डोळ्यांना दिसतं. ४ म्हणजे वर आपल्या हाताचा थोडाफार विरोधही पेलला, पण हे मात्र फारच ऐसपैस. पेशंट महिनाभर घाम गाळतो, ताकद खरंच वाढते आणि कागदावर ४ चं ४च राहतं. फार वाईट वाटतं त्याला. म्हणून हँडहेल्ड डायनॅमोमीटर, म्हणजे ताकद आकड्यात दाखवणारं हातात धरायचं यंत्र, मिळाला तर जरूर वापर. क्वाड्रिसेप्ससाठी, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूंसाठी, तो नडगीवर, घोट्याच्या जरा वर धर आणि नेमकी जागा लिहून ठेव. पुढच्या वेळी दोन बोटं वर सरकला तरी आकडा बदलतो. तगड्या माणसाचा पाय हाताने रोखला जात नाही, तिथे यंत्र पट्ट्याने पलंगाला अडकवून घे.

चालण्याचा वेग मोजायला १० मीटरची चाचणी. मधल्या ६ मीटरचीच वेळ घे. आधीचे २ मीटर वेग घ्यायला, नंतरचे २ थांबायला. तू किंचित मागून चाल, पुढे गेलीस की पेशंट तुझ्या वेगाने चालतो. काठी, बूट, ब्रेस काय होतं तेही नोंदव. आणि नातेवाइकांना 'चला बाबा, चला' करू देऊ नकोस. प्रेमापोटीच करतात, पण त्याने वेग बदलतो.