सॉफ्टवेअर प्रोजेक्टचं वेळापत्रक दर वेळी का कोलमडतं?

तुम्ही लिहिलंय की पाच जणांची टीम आहे, अनुभवही बरा आहे, तरी प्रत्येक प्रोजेक्ट दोन-तीन महिने लांबतो, क्लायंट ऐनवेळी बदल सांगतो. मग अंदाज काढायची कुठली पद्धत वापरावी? पद्धतीकडे येतो, पण त्याआधी तुमच्या मागच्या प्रोजेक्टची कामांची यादी काढून बघा. ज्या कामाला तीन दिवस धरले होते ते चार-पाच दिवसांत झालेलं दिसेल. महिने खाल्ले असतील ते यादीत नसलेल्या कामांनी.

आम्ही तिघांनी सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संस्थेसाठी संकलन आणि बिलाचं सॉफ्टवेअर केलं. चार महिने सांगितले, सात लागले. रिक्वायरमेंट घ्यायला गेलो तेव्हा अध्यक्षांच्या खोलीत दोन तास बसलो आणि सोळा मुद्दे लिहून आणले: सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) यांवरून दर, दहा दिवसांचं बिल, पशुखाद्य आणि उचलीची कपात वगैरे. त्यातला एकही मुद्दा चुकीचा नव्हता.

काम रखडल्यावर मी पहिल्यांदा पहाटे साडेपाचला दूध संकलन केंद्रावर जाऊन उभा राहिलो. एका बाईंनी किटली ठेवली, वजन झालं, नमुना मशीनला लावला, आणि त्या म्हणाल्या, "यातलं दोन लिटर सासूबाईंच्या खात्यावर टाका." सचिवांनी मान डोलावली आणि वहीत पेन्सिलने लिहिलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक किटली म्हणजे एक खातं. थोड्या वेळाने वीज गेली. सचिवांनी प्रत्येकाची कालचीच फॅट धरली, पुन्हा पेन्सिलने. वहीची मागची पानं चाळली तर तिथे दरफरक. संस्था ज्याला दूध घालते त्या दूध संघाने दर मागच्या तारखेपासून वाढवला की झालेल्या बिलांतला फरक काढून उत्पादकांना द्यायचा. आम्ही दराला 'कधीपासून' ही तारीखच ठेवली नव्हती, नवा दर आला की जुना पुसला जायचा. ते मॉड्यूल पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागलं.

अध्यक्षांनी यातलं काही लपवलं नव्हतं. ते स्वतः हे काम करत नाहीत, आणि सचिव रोज करतात म्हणून त्यांना ते मुद्दाम सांगण्यासारखं वाटत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या शेजारी निदान दोन दिवस बसा. त्यांची वही, भिंतीवर चिकटवलेले कागद, फायलींच्या कडेला लिहिलेले आकडे, सगळं बघा. आणि "तुम्हाला काय हवंय?" याऐवजी "मागच्या वर्षी सगळ्यात जास्त गोंधळ कोणत्या बिलाला झाला?" असं विचारा. तुम्ही ज्याला ऐनवेळचे बदल म्हणताय, त्यातले बरेचसे पहिल्या दिवसापासून तिथेच असतात.

आपल्या बाजूची कामंही अशीच सुटतात. उत्पादकांची जुनी यादी फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये होती आणि नावं युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. 'डेटा आणणे, २ दिवस' असं मीच लिहिलं होतं. जोडाक्षरं आणि रफार सरळ करता करता ११ दिवस गेले. आता डेटा, मशीनची जोडणी, प्रशिक्षण, टेस्टिंगनंतरची दुरुस्ती आणि सगळ्यांच्या सुट्ट्या या ओळी मी कोड लिहायच्या कामांच्या आधी लिहितो.

आता अंदाजाची पद्धत. १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामात पर्ट नावाची पद्धत आली, ती मला आजही पुरते. प्रत्येक कामाला तीन आकडे द्यायचे: सगळं सुरळीत झालं तर, बहुधा, आणि वाईटात वाईट. मधल्याची चौपट करून तिन्हींची बेरीज, भागिले सहा. डेटाच्या कामाला मी आज ४, ७, २२ असे आकडे देईन. उत्तर येतं ९ दिवस. पण त्या ९ पेक्षा मी ७ आणि २२ मधलं अंतर जास्त बघतो. जिथे ते मोठं, तिथे आपल्याला काहीतरी माहीत नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्या कामाचा दोन दिवस प्रयोग करायचा. सॉफ्टवेअरच्या खर्च-वेळेच्या अंदाजाचे अभ्यासक बॅरी बोहम यांनी १९८१ मध्ये दाखवलं होतं की कल्पना नुसती मनात असताना काढलेला अंदाज खऱ्या आकड्याच्या चौपट किंवा पाव भरू शकतो. म्हणून पहिल्या बैठकीत क्लायंटने कितीही आग्रह केला तरी एक तारीख देऊ नका. 'अमुक ते तमुक' असं सांगा, आणि महिन्याभराने अंतर कमी करून पुन्हा सांगा.

वेळापत्रक मांडताना क्लायंटचं कॅलेंडर बघा. दूध संस्थेत बिलाचा काळ १, ११ आणि २१ तारखेला सुरू होतो, नवं सॉफ्टवेअर त्याच दिवशी लावता येतं. ११ तारीख एका दिवसाने हुकली की थेट २१. दिवाळीच्या तोंडावर तर कुणी हातही लावू देत नाही. कारखाना असो, शाळा असो, असे ठरलेले दिवस सगळीकडे असतात.

उशीर झाल्यावर माणसं वाढवू नका. पाचव्या महिन्यात आम्हाला दोन जण दिले गेले. त्यांना समजावण्यात माझे तीन आठवडे गेले. तिघांत बोलण्याच्या जोड्या तीन असतात, पाच जणांत दहा. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये हेच लिहून ठेवलंय, की लांबलेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी लांबतो.

बदल आला तर नाही म्हणू नका. एका कागदावर बदल, त्याला लागणारे दिवस आणि सरकणारी तारीख लिहून सही घ्या. निम्मे बदल तिथेच "पुढच्या वर्षी बघू" होतात.

पुढच्या संस्थेत आम्ही आधी दोन दिवस केंद्रावर बसलो. यादीत सोळाऐवजी ४१ मुद्दे आले आणि साडेपाच महिने सांगितले. तिथल्या अध्यक्षांना ते फार वाटले, तेव्हा यादी त्यांच्यापुढे ठेवून एकेक ओळ वाचली. त्यांनी स्वतःच सहा मुद्दे खोडले आणि दोन नवे घातले. ठरलेली तारीख २१ मे होती, पहिलं बिल १ जूनपासून सुरू झालं.