बीम संपल्यावर

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज दोनदा वाचला. दिवसभर काम करतेस, पण रात्री कॉम्प्युटर बंद केल्यावर आज काय काढलं ते आठवत नाही. पूर्वी गणिताच्या वहीच्या कडेलासुद्धा घोडे धावायचे, आता कोरा कागद दिसला की पोटात गोळा येतो. आणि शेवटी विचारलंस, ‘सर, माझ्यातली कला आटली का हो?’

आटलेली नाही. तुझी समजूत काढायची म्हणून हे लिहीत नाही. चित्राशी ज्याचं देणंघेणं संपलंय तो माणूस रात्री जागून एवढं लिहीत बसत नाही, तो गुमान दुसऱ्या कामाला लागतो. तू दमली आहेस. आणि हे दमणं आपल्याकडे कुणी धड मान्यच करत नाही. ‘बसून चित्रं तर काढायची, त्यात काय दमायचं?’ हे तू घरीही ऐकलं असशील. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली आपल्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची व्याख्या नीट मांडली; आजार म्हणून नव्हे, कामातून येणारी अवस्था म्हणून. तिच्या तीन खुणा सांगितल्या. अंगातलं त्राण जाणं, कामावरून मन उडणं किंवा त्याबद्दल कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. तुझ्या मेसेजमध्ये तिन्ही आहेत. मला जास्त काळजी मधलीची वाटते. थकवा झोपेने, सुट्टीने बराच उतरतो. मन कडवट झालं असेल तर ते सुट्टी संपल्यावरही तसंच असतं.

ते का झालं, याचा अंदाज तुझ्या कामाकडे बघूनच येतो. शिवजयंतीचे फलक झाले की आंबेडकर जयंती, मग लग्नसराई, मग गणपती, नवरात्र, आणि बाराही महिने वाढदिवस. ‘ताई, साहेबांचा फोटो अजून मोठा करा.’ ‘मागं वाघ टाका.’ ‘रात्रीत द्या, सकाळी चौकात लागला पाहिजे.’ आता त्यात ‘हे तर एआय मिनिटात करतंय’ म्हणत पैसे पाडून मागणारे आलेत. हे काम कमी दर्जाचं आहे असं मी कधीही म्हणणार नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्यात पंढरपूरला जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची भलीमोठी होर्डिंगं रंगवून पोट भरत होते, पुढे मुलांच्या खेळण्यांची डिझाइनंही त्यांनी केली. माझंही घर चादरीच्या नक्षीवर चाललं. व्यापाऱ्याला मोर हवा तर मोर, गुलाब हवा तर गुलाब, ग्राफ पेपरचा एकेक चौकोन भरत बसायचं. ऑर्डरीच्या कामाने माणूस इतका कोमेजत नाही. ऑर्डरीशिवाय हातात काहीच उरलं नाही की कोमेजतो. गेल्या वर्षभरातलं एक चित्र दाखव, ज्याला गिऱ्हाईक नव्हतं. सापडेल?

याच्याशी जोडलेला एक प्रयोग तुला सांगायचाच आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघा मानसशास्त्रज्ञांनी तो 1973 साली प्रसिद्ध केला. बालवाडीतली मुलं, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं, अशीच निवडली. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र चित्र काढून झाल्यावर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा पेनं ठेवली, कुणाला काही सांगितलं नाही, आणि कोण किती वेळ चित्रं काढतंय ते पाहिलं. बक्षिसाच्या बोलीवर काढलेली मुलं बाकीच्यांच्या मानाने जेमतेम अर्धा वेळ पेनांजवळ रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा रस तसाच टिकून होता. म्हणजे बक्षिसाने काही बिघडलं नाही, आधी झालेल्या बोलीने बिघडलं. ‘हे मी त्यासाठी करतोय’ हे एकदा मनात बसलं, की ‘ते’ नसताना हात उचलत नाही.

तुझ्या बाबतीत बोली फक्त पैशाची नाही. चित्र अर्धं झालं की तू फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकतेस आणि किती जणांना आवडलं ते बघत बसतेस. तीही बोलीच. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं असं: रोज थोडं काहीतरी असं काढ, जे विकायचं नाही, टाकायचं नाही, मलासुद्धा दाखवायचं नाही. पाठकोऱ्या कागदावर काढ. चांगला कागद घेतलास की चांगलं चित्र काढायचं दडपण येतं. वाईट निघालं तर निघू दे. आणि टॅबवर नको. टॅबवर चूक पुसता येते, मागे जाता येतं, त्यामुळे ऑर्डरीची सगळी सवय तिथेही सोबत येते. कोळसा घे, पाटी-पेन्सिल घे, एलिमेंटरीच्या परीक्षेला घेतलेले ते वाळलेले पोस्टर कलर असतील तर पाण्याने भिजवून घे.

आता तू म्हणशील, पण मनातून काही येतच नाही. त्यावर मला तुला आपल्याकडचीच एक गोष्ट दाखवायची आहे. तू सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत वाढलीस, मागाचा आवाज तुझ्या कानांना नवा नाही. पण मागावरचा बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, संपला की पुढे काय होतं, ते कधी उभं राहून बघितलंस का? माग थांबतो. उरलेल्या जुन्या धाग्यांची टोकं तशीच ठेवतात, कापून फेकत नाहीत. नवा बीम मागे चढवतात आणि जोडणारा मागाच्या पाठीमागे बसतो. जुन्या धाग्याचं टोक आणि नव्याचं टोक चिमटीत धरायचं, पीळ द्यायचा, पुढचा धागा घ्यायचा. असे हजारोंच्या घरात धागे. त्या वेळात चादरीचं वीतभर कापड निघत नाही, पण ‘माग आळशी झाला’ असं मालकही म्हणत नाही. आणि यातली खरी मेख अशी, की जुना धागा फणीतून आणि जकार्डच्या, म्हणजे नक्षीसाठी धागे उचलणाऱ्या यंत्राच्या, दोऱ्यांमधून आधीच ओवलेला असतो. नवा धागा पुन्हा ओवावा लागत नाही. जुनाच त्याला ओढून पुढे नेतो.

तुझा हात हा तो जुना धागा. रेषेवरची पकड, रंगाची समज, वर्षानुवर्षांचा सराव, सगळं जागच्या जागी ओवलेलं आहे. संपलाय तो मागचा बीम, म्हणजे डोळ्यांनी आणि कानांनी आत घ्यायचा ऐवज. तो गेली दोन-तीन वर्षं तू चढवलाच नाहीस. फोनवर दुसऱ्यांची चित्रं बघणं याला मी ऐवज धरत नाही. ती आधीच कुणीतरी विणून ठेवलेली असतात, आणि बहुतेक वेळा ती बघून तू फक्त स्वतःला कमी लेखतेस.

तेव्हा बाहेर पड. लांब जायची गरज नाही. मंगळवार बाजारात सकाळी जाऊन एकाच बाईसमोर बस, जी भाजी मांडते आहे. तिचा हात जुड्या कशा लावतो ते बघ. भुईकोट किल्ल्यात जुन्या मंदिराचे कोरीव खांब आहेत. त्यातला एकच खांब निवड आणि उन्हं फिरतात तशी त्यावरची सावली कशी बदलते तेवढंच टिप. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला, गड्ड्याला, तू दरवर्षी जातेस, पण पाळण्यांकडे आणि खाण्याकडे. यंदा नंदीध्वजांची मिरवणूक एका कडेला उभी राहून बघ. पांढरी बाराबंदी घातलेली माणसं एवढा उंच ध्वज तोलत चालतात तेव्हा त्यांची मान, खांदा, पावलं यांत काय काय घडतं! शरीररचनेचा असा धडा कुठल्याही क्लासात मिळणार नाही.

आणि एकदा नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जा. माळढोक दिसेल अशी आशा धरू नकोस, तो फार दुर्मीळ झालाय. काळवीट मात्र बहुतेक दिसतात. मला तुला पाठवायचंय ते गवतासाठी. हिवाळा सरताना तो माळ लांबून सगळा एकाच मातकट रंगाचा वाटतो. खाली बस, डोळे गवताच्या उंचीला आण. बुडाशी राखाडी, मध्ये हळदीकडे झुकणारा पिवळा, तुऱ्यावर फिकट जांभळट झाक, आणि ऊन मागून आलं की त्याच तुऱ्याला चांदीची कडा. तिथे चित्र काढू नकोस. फक्त रंग मिसळून कागदावर ठिपके दे, जुळतोय का बघ, नाही जुळला तर पुन्हा मिसळ. विषय शोधायचा नाही, मांडणी करायची नाही, कुणाला आवडेल का हा प्रश्नच नाही. माझ्या स्वतःच्या कोरड्या दिवसांत मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. नुसतं रंग जुळवत बसलं की हात आपोआप पुढचं मागायला लागतो.

दिशा थोडी बदलावीशी वाटली तर घाबरू नकोस. आपल्या सोलापूरचे शाहीर राम जोशी घर सुटल्यावर पंढरपूरला गेले, संस्कृत शिकले, कीर्तन-पुराण करू लागले आणि पुढे पुन्हा लावणीकडे वळले. ते संस्कृत मग त्यांच्या लावणीतच उतरलं. तुला माती करून बघायची असेल, शिवण करायची असेल, ज्या तेलुगू आजी अंगणात रोज मुग्गू, म्हणजे त्यांची रांगोळी, घालतात त्यांच्याकडून ठिपके शिकायचे असतील, तर खुशाल शीक. चित्रकलेशी बेइमानी होत नाही.

पैशाचं मी विसरलेलो नाही. घराचा हप्ता तुझ्या कामावर आहे हे मला माहीत आहे, म्हणून सगळं सोडून बस असं सांगणार नाही. पण आठवड्यातला एक दिवस ऑर्डरीसाठी बंद ठेव आणि तसं दुकानाच्या व्हॉट्सॲपवर लिहून टाक. रात्रीतून हवं असणाऱ्या कामाचा दर दीडपट कर. दोन-चार गिऱ्हाइकं तुटतील, तुटू देत. फुकटात बदल किती वेळा करून देणार, ते काम घेतानाच बोलून घे. यातलं एकही कलेचं वाटत नसलं, तरी तुझा अर्धा कडवटपणा याच गोष्टींतून आलाय असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक, हे नीट वाच. झोप येत नाही, जेवण जात नाही, चित्रच काय पण मैत्रिणी, सण, काहीच नकोसं वाटतंय, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय असं असेल, तर माझ्या सल्ल्यावर थांबू नकोस. डॉक्टरांकडे जा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, 14416 हा नंबर, फोन फुकट लागतो आणि चोवीस तास चालू असतो. मराठीतही बोलता येतं. त्यात लाज कसली? ताप आला तर आपण दवाखाना गाठतोच ना.

सध्या महिनाभर ‘मी परत पूर्वीसारखी कधी होणार’ हे मोजू नकोस. एखादा दिवस काहीच निघणार नाही, पाठकोऱ्या कागदावर नुसत्या रेघोट्या निघतील. त्या तारीख घालून ठेव.

रविवारी सकाळी घरी ये. माझ्याकडे चादरींच्या जुन्या नक्ष्यांचे ग्राफ गठ्ठ्याने पडून आहेत, मागची बाजू सगळी कोरी. हवे तेवढे ने, मोठी पिशवी घेऊन ये. जेवून मात्र येऊ नकोस, काकूंनी तुझ्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करायचं आधीच ठरवलंय.

तुझे,
सर