व्हॉल्व्हची वेळ आणि मुंबईचा सिग्नल

प्रश्न : माझ्या गाडीच्या इंजिनवर 'व्हीव्हीटी' लिहिलंय. शोरूममध्ये विचारलं तर 'अ‍ॅव्हरेज चांगलं मिळतं' एवढंच उत्तर मिळालं. नेमकं काय असतं हे? (दादर)

शोरूमवाला खोटं बोलला नाही, अर्ध्यावर थांबला. व्हीव्हीटी म्हणजे व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग, व्हॉल्व्हची (झडपांची) वेळ इंजिनाच्या गरजेप्रमाणे बदलणं. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह कॅमशाफ्ट नावाच्या फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्यांनी (कॅमनी) उघडतात. जुन्या इंजिनात त्यांचं वेळापत्रक कायमचं ठरलेलं असायचं. पण ३,००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो-मिटतो. एवढ्या घाईत आत धावणाऱ्या हवेला स्वतःचाच जोर असतो, पिस्टन वर निघाला तरी ती घुसत राहते. म्हणून जास्त वेगात इनटेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह उशिरा मिटलेला बरा. कमी वेगात तसंच केलं तर पिस्टन आलेली हवा परत बाहेर ढकलतो.

आणि तुम्ही दादरचे, म्हणजे उतरणारे नि चढणारे एकाच वेळी दारात आले की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. इंजिनातही क्षणभर दोन्ही व्हॉल्व्ह उघडे राहतात, त्याला ओव्हरलॅप म्हणतात. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी नि इंजिन चालू असताना, तो वाढला की जळलेला वायू उलटा आत शिरतो आणि गाडी थरथरते.

यावरचा तोडगा म्हणजे फेझर. कॅमच्या टोकाच्या दातेरी चाकात पाकळ्यांचं एक छोटं चाक बसवलेलं असतं. पाकळ्यांच्या या किंवा त्या बाजूला इंजिन ऑइलचा दाब दिला की कॅम थोडा पुढे किंवा मागे सरकतो, म्हणजे व्हॉल्व्ह लवकर किंवा उशिरा उघडतात. दाब कुठल्या बाजूला द्यायचा हे ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठरवतो आणि सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, त्याप्रमाणे ऑइल सोडतो. विकायच्या गाडीत व्हॉल्व्हची वेळ बदलण्याची युक्ती पहिल्यांदा आणली ती अल्फा रोमिओने, १९८० मध्ये.

प्रश्न : सकाळी स्टार्ट केल्यावर दोन सेकंद कडकड आवाज येतो. सिग्नलला गाडी थरथरते. चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी००११ आलं. मेकॅनिक म्हणतो फेझर बदला. खर्च ऐकूनच घाम फुटला. (बोरिवली)

थांबा. पी००११ म्हणजे इनटेक कॅम हवा त्यापेक्षा पुढे राहतोय. का राहतोय, ते तो कोड सांगत नाही. आणि कॅम पुढे म्हणजे ओव्हरलॅप जास्त, म्हणून सिग्नलवरची थरथर.

आधी डिपस्टिक काढा. लेव्हल कमी आहे का? ऑइल डांबरासारखं झालंय का? मग सोलेनॉइड काढायला सांगा. बऱ्याच गाड्यांत तो एका बोल्टवर असतो. त्याच्यावर किंवा त्याच्या वाटेत केसासारख्या बारीक तारांची जाळी असते. ती उजेडासमोर धरा, आरपार दिसलं पाहिजे. काळा गाळ दिसला तर निम्मा उलगडा तिथेच झाला. जाळी साफ करून, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर टाकून आठवडाभर गाडी चालवा. ग्रेडच्या बाबतीत हात पोळून घेतलाय मी. 'उन्हाळ्यात जाड ऑइल बरं' म्हणून एका गॅरेजात माझ्या गाडीत २०डब्ल्यू-५० ओतलं. मॅन्युअलमध्ये होतं ५डब्ल्यू-३०. गार इंजिनात ते वेळेवर पोचेना आणि पिकअप मेला.

मुंबईत किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नका. सरासरी २० च्या वेगाने १०,००० किलोमीटर म्हणजे ५०० तास इंजिन चालू. तेच अंतर ७० च्या वेगाने दीडशे तासांच्या आत संपतं. दहिसर ते वांद्रे रोज करणाऱ्याने ऑइल मुदतीआधीच बदलावं.

कडकड मात्र सोडून देऊ नका. इंजिन बंद असताना फेझरला जागेवर धरणारी पिन झिजली, तर ऑइलचा दाब येईपर्यंत तो आत आपटतो. कॅमशाफ्ट फिरवणारी टायमिंग चेन ताणली तर तीही असाच आवाज करते. चेनने दात सोडला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. ऑइल बदलूनही आवाज राहिला तर मेकॅनिक म्हणतो ते खरं, पण चेन तपासल्याशिवाय फेझरला हो म्हणू नका.

प्रश्न : व्हीटेक आणि व्हीव्हीटी एकच का? व्हीटेकची ती 'किक' माझ्या गाडीत कधी जाणवली नाही. (ठाणे)

एकच नाही. फेझर वेळ सरकवतो, व्हॉल्व्ह उघडतो तेवढाच. होंडाने १९८९ च्या इंटेग्रात व्हॉल्व्ह किती उघडायचा तेही बदललं. याच तंत्राला व्हीटेक म्हणतात. दोन व्हॉल्व्हच्या रॉकरांमध्ये (कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांड्यांमध्ये) तिसरा रॉकर, त्याच्यासाठी उंच कॅम. कमी वेगात तो नुसताच हलतो. वेग चढला की ऑइलच्या दाबाने पिन सरकते, तिन्ही रॉकर जोडले जातात आणि उंच कॅमचा हुकूम चालू होतो. १.६ लिटरच्या इंजिनातून १६० पीएस (अश्वशक्ती), तेही टर्बोशिवाय. तुमच्या गाडीला किक नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. नंतरच्या कित्येक व्हीटेक इंजिनांत ही करामत पेट्रोल वाचवायला वापरलीय. बीएमडब्ल्यूच्या व्हॉल्व्हट्रॉनिकमध्ये २००१ पासून लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) पायरीने नाही, सलग बदलते.

प्रश्न : सीएनजी किट बसवलं तर व्हीव्हीटी बंद पडतं का? (कुर्ला)

नाही. फेझरला ऑइलचा दाब आणि ईसीयूचा हुकूम लागतो, इंधन कुठलंही असो. किट बसवताना कॅम सेन्सरच्या वायरिंगला कुणी चिमटे लावले नाहीत ना, एवढं बघा.