सीमाभागातून पुरातत्त्वात जायचं असेल तर कन्नडशी वैर परवडत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, मराठी माध्यमाचा, इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. पुरातत्त्व संशोधनात जायचंय. पुणे की धारवाड? सायन्स नाही म्हणून अडेल का? घरचे म्हणतात, बी.एड. करून मोकळा हो.

मी बेळगाव तालुक्यातली. एम.ए., पीएच.डी. पुण्यात झाली, सध्या एका विद्यापीठाच्या प्रकल्पावर करारावर आहे. तू माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा दिसतोस, म्हणून अरे-तुरे करते. राग मानू नकोस.

घरच्यांचं चूक नाही, हे आधी सांगते. एम.ए.ची दोन वर्षं, मग नेट ही पात्रता परीक्षा, मग पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं, म्हणजे तिशी उजाडते. तोवर तुझ्या वर्गातले बी.एड.वाले कायम झालेले असतात आणि लग्नाकार्यात "तुझं अजून शिकणंच चाललंय काय?" असं विचारतात. हे सोसायची तयारी असेल तर पुढचं वाच.

तू न विचारलेली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे: तुला कन्नड किती येतं?

आमच्या घरी १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळा दिवस: सीमाभाग महाराष्ट्राबाहेर राहिला म्हणून. बाबा काळी फीत लावून सायकल फेरीत जायचे, आणि शाळेत कन्नडचा पेपर मी पास होण्यापुरता लिहायचे. जास्त मार्क पडले असते तर घरात कुणी रागावलं नसतं, पण मलाच लाज वाटली असती. मग पुण्यात एम.ए.ला असताना सुट्टीत गावी आले. मारुतीच्या देवळामागे एक दगड होता. त्यावर आम्ही लहानपणी चढायचो, बायका शेंदूर लावून म्हसोबा म्हणायच्या. शिकून आल्यामुळे आता तो वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, आहे हे पाहताक्षणी कळलं. खाली लढाई, मधल्या पट्टीत अप्सरा वीराला वर नेतायत, वरच्या पट्टीत तो शिवलिंगापुढे बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य. दोन पट्ट्यांच्या मधल्या कडेवर तीन ओळी अक्षरं होती. चौदा वर्षं मी त्यावर पाय ठेवला होता आणि मला एक अक्षर लागेना.

फोटो घेऊन धारवाडला एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दगड वाचला. गुरं पळवून नेली होती, ती सोडवताना हा माणूस पडला. अशा लढाईला लेखांत 'तुरुगोळ' म्हणतात. मग हसून म्हणाले, "तुम्ही वीरगळ म्हणता, त्यातला गळ कुठला?" वीरगल्लु, कल्लु म्हणजे दगड. आपण ज्याला अस्सल मराठी समजतो त्या शब्दाच्या पोटातच कन्नड निघालं. परतीच्या बसमध्ये मी गप्प होते.

आपल्या भागातले बहुतेक जुने लेख हळेगन्नडात, म्हणजे जुन्या कन्नडात, किंवा संस्कृतात आहेत. रट्ट, गोव्याचे कदंब, इथल्या सगळ्या राजघराण्यांचे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, ते जैन मंदिर, तू पाहिली असशील, ती १२०४ च्या सुमाराची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने बांधलेली. त्या जिनालयाच्या दानाचे दोन शिलालेख आज लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बस्ती इथे, तिचे कागदपत्र तिकडे! आणि उलट बाजूही बघ: 'श्रीचावुण्डराजें करवियलें' हा मराठीचा सुरुवातीचा लेख कर्नाटकात श्रवणबेळगोळला, गोमटेश्वराच्या पायाशी. शेजारी तीच गोष्ट कन्नडात आणि तमिळात कोरलेली. कोरणाऱ्याला तिन्ही भाषांचं वावडं नव्हतं.

पुण्याच्या मुलाला हळेगन्नड शून्यापासून शिकावं लागतं, बंगळूरच्या मुलाला मोडी आणि मराठी दफ्तरं. तू दोन्हीच्या उंबऱ्यावर उभा आहेस. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दगडावरचं कन्नड चालतंय. बोर्डावरचं नाही." त्यांच्याशी वाद घातला नाही.

आता पुणे की धारवाड. उत्खनन, प्रागितिहास, खापरं, हाडं यांत रस असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज. १९३९ साली ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून नव्याने उभं राहिलं, त्याच वर्षी पुरातत्त्वज्ञ सांकलिया तिथे आले, आणि नेवासे, इनामगाव या उत्खननांची नावं तिथूनच पुढे आली. एम.ए.ला कुठल्याही शाखेच्या पदवीधराला अर्ज करता येतो. शिलालेख, मंदिरं, मूर्ती यांत रस असेल तर धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ: प्राचीन इतिहास आणि कोरीव लेख यांचा विभाग, शिवाय कन्नड संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय. घरून दोन तास, आणि खर्च पुण्याच्या मानाने निम्मासुद्धा नाही. मला आज कुणी विचारलं तर एम.ए. धारवाडला आणि पीएच.डी. पुण्याला करेन. मी उलटं केलं, म्हणजे पुण्याला शिकले आणि वाचायला धारवाडच्या खेपा घालत बसले.

एम.ए.नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची ग्रेटर नोएडाला एक संस्था आहे. तिथला दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा सरकारी नोकरीच्या वाटेवर वजनदार धरतात. जागा अगदी मोजक्या.

सायन्स नसल्याने अडत नाही, पण काही दारं बंद राहतात. जळालेले धान्याचे दाणे, जनावरांची हाडं, परागकण, कालमापन ही कामं वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूशास्त्र शिकलेल्यांची, आणि खरं सांगायचं तर आज मागणी त्यांनाच जास्त आहे. तू इतिहासवाला आहेस तर निदान नकाशा वाचणं, जीआयएस (संगणकावर नकाशे करणं) आणि रेखांकन नीट शिकून घे. खापराच्या तुकड्यावरून पूर्ण भांड्याचा आकार काढता येणारं पोर कुठल्याही कॅम्पवर उपाशी राहत नाही.

कॅम्प म्हणजे काय, तेही ऐक. सुगी झाली, शेतं मोकळी झाली की उत्खनन सुरू होतं. पहाटे उठायचं, खड्ड्यात उतरायचं, खुरपं आणि ब्रश. दुपारनंतर खापरं धुवायची, वाळवायची, प्रत्येकावर शाईने नंबर घालायचा. हजारो. पहिल्या वर्षी मला खड्ड्याच्या भिंतीत काळ्या-तांबड्या वाडग्याचा सुंदर काठ दिसला आणि मी तो उपटून पळत पळत दाखवायला नेला. सरांनी हातात घेतलाही नाही. "कुठल्या थरातला?" मला सांगता आलं नाही. "मग आता ती फुटकी वाटी आहे." त्या रात्री जेवण गेलं नाही. पण वस्तूपेक्षा तिची जागा मोठी हे तेव्हा जे कळलं ते पुस्तकातून कळलं नसतं.

गावातली माणसं रोज विचारतात, "सोनं घावलं काय?" चिडायचं नाही. ती माणसंच तुला पांढर कुठे आहे ते दाखवतात. काळी म्हणजे रान आणि पांढर म्हणजे वस्तीची जागा, हे आपल्या आज्यांना पाठ होतं. पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण, कोसळलेल्या भिंती साचून ती माती फिकी झालेली असते. जुनं गाव शोधायला यापेक्षा चांगलं यंत्र मी अजून पाहिलं नाही.

पैशाचं. नेटमध्ये पुरातत्त्व हा स्वतंत्र विषय आहे. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये. नाही मिळाली तर प्रकल्पांवर तात्पुरती कामं, नाहीतर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणं. आपल्याकडे त्यालाच अतिथी उपन्यासक म्हणतात, आणि पाहुण्याला मिळते तेवढीच तिथे खात्री मिळते. मी सहा वर्षं केलंय. म्हणून बी.एड. कायमचं टाकून दे असं मी म्हणणार नाही. एम.ए.नंतरही ते करता येतं.

या वर्षी मात्र एक पैसा खर्च न करता सुरुवात कर. हलशी तुमच्याच तालुक्यात आहे. तीच जुनी पलाशिका, सुरुवातीच्या कदंबांचे ताम्रपट तिथे सापडले. देगावचं कमलनारायण मंदिरही जवळच, गोव्याच्या कदंबांची राणी कमलादेवी हिचं. बेळगावात आलास की वडगावला जा. तिथे आज माग खडखडतात, पण वडगाव-माधवपूरला १९७०च्या दशकात धारवाडच्या विद्यापीठाने ए. सुंदरा यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केलं आणि सातवाहन काळातलं नगर उजेडात आलं. मग बसने कोल्हापूर. तिथल्याच ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली, रोमन काळातली, ग्रीक समुद्रदेव पोसायडनची लहानशी ब्राँझची मूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. रोमची वस्तू पंचगंगेकाठी कशी आली, यावर विचार करत परत ये.

आणि तुमच्या पंचक्रोशीतल्या वीरगळांची वही घाल. गाव, जागा, कुठल्या दिशेला तोंड, उंची-रुंदी, पट्ट्या किती, लेख आहे का, गावकरी त्याला काय म्हणतात. शेंदूर खरवडायचा नाही, ऑइलपेंट फासलेला असला तरी हात लावायचा नाही, आणि खणायचं तर मुळीच नाही. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. फोटो काढताना बाजूला मोजपट्टी ठेव. सकाळी नऊच्या आत किंवा ऊन कलल्यावर जा. डोक्यावर ऊन असलं की दगडावरची अक्षरं दिसत नाहीत.