प्राचीन जर्मानिक टोळ्यांवरच्या गेमसाठी खरी वाटतील अशी नावं कशी तयार करावीत?

आधी ते ऑनलाइन नेम जनरेटर बंद करा.

एवढं तिखट लिहितोय कारण ह्याच कामात माझे चार महिने पाण्यात गेलेत. एका छोट्या स्टुडिओसाठी मी इ. स. ९ मधल्या ट्यूटोबुर्गच्या लढाईवरच्या गेमची नावं करत होतो. चेरुस्की टोळीच्या अर्मिनियसने रोमच्या तीन लीजन, म्हणजे मोठ्या फौजा, जंगलात कापून काढल्या, तीच लढाई. रोमन लेखकांनी त्याच्या गोतावळ्याची नावं देऊन ठेवलीत: बाप सेगिमेर, सासरा सेगेस्टेस, मेहुणा सेगिमुंड. 'सेगि' म्हणजे विजय. नाव दोन तुकड्यांचं, आणि त्यातला एक तुकडा घराण्यात फिरवत ठेवायचा, नाहीतर निदान पहिला आवाज तरी जुळवायचा. हिल्डेब्रांडच्या जुन्या जर्मन काव्यात आजोबा हेरिब्रांड, बाप हिल्डेब्रांड, मुलगा हाडुब्रांड. मीही असंच घराण्यांप्रमाणे १४० नावांचं शीट केलं.

आमचे लीड शीट बघून म्हणाले, "अरे, सगळी सारखीच वाटतात. जरा दरारा पाहिजे." आणि रॅग्नार आणि ब्यॉर्न घालून मोकळे झाले! ही रूपं आठशे वर्षांनंतरच्या व्हायकिंगांची. सातवाहनांच्या दरबारात बाजीराव नावाचा सरदार उभा करण्यातला प्रकार. सारखी वाटतात म्हणे. अहो, एका घरातली आहेत ती, सारखीच वाटणार.

वर त्यांना प्रत्येक नावापुढे 'अर्थ' असा कॉलम हवा होता. आपल्याकडे बारशाला विचारतात तसं. आता हिल्डेगुंड घ्या. हिल्ड म्हणजे लढाई, गुंडही लढाईच. काय लिहू कॉलममध्ये, लढाई-लढाई? तुकड्यांना अर्थ असायचा, पण जोडून झालेल्या नावाला तो असलाच पाहिजे असं काही नव्हतं. मी तो कॉलम रिकामा ठेवला, तर "काम अपुरं" म्हणून शेरा आला.

तुमच्या कामाचं म्हणाल तर वँडल या जर्मानिक टोळीच्या राजांची यादी समोर ठेवा: गाइसेरिक, हुनेरिक, गुंथामुंड, थ्रासामुंड, हिल्डेरिक, गेलिमेर. रिक, मुंड, मेर हे तुकडे कसे फिरतात ते दिसेल. पुरुष की बाई हे शेवटच्या तुकड्यावरून ठरतं, त्यामुळे हिल्डेरिक राजा आणि हिल्डेगुंड बाई. बाईसाठी शेवटी हिल्ड, गुंड, बुर्ग, ट्रूड लावा. पुरुषाच्या नावाला नुसता 'आ' जोडून बाई करू नका, ते जनरेटरवाले करतात. लाडाची आखूड नावंही चालतात. वुल्फिला म्हणजे छोटा लांडगा, आणि हा चक्क बिशप होता.

एक मात्र कबूल करतो. पहिल्या शतकातली नावं मोजकीच मिळतात आणि तीही रोमनांच्या लेखणीतून आलेली. अर्मिनियसच्या सख्ख्या भावाचं नाव फ्लावुस, म्हणजे सरळ लॅटिन. तेव्हा वँडलांचे तुकडे चेरुस्कींना लावताना आपण चारशे वर्षं उडी मारतोय हे ध्यानात ठेवा. आणि हो, टेस्टिंगला आलेली पोरं सेगिमेर आणि सेगिमुंडमध्ये गोंधळली, हेही खरं. पण मुख्य पात्रं वेगवेगळ्या घराण्यांत वाटली असती तर भागलं असतं. तसा मेल मी तेव्हाच केला होता. अजून आहे माझ्याकडे.