वाचकांचे प्रश्न : नाईलकाठच्या ज्यू कुटुंबांनी काय सोडले, काय राखले?

प्रश्न : प्राचीन इजिप्तमध्ये स्थायिक झालेल्या ज्यू लोकांनी स्थानिकांशी विवाह केले होते का? केले असल्यास त्यांच्या मुलांचा धर्म कोणता मानला जाई?

उत्तर : विवाह होत होते, आणि त्यांचे मूळ करारही आज वाचायला मिळतात. आस्वानजवळच्या एलेफंटाइन बेटावर इ.स.पू. पाचव्या शतकात पर्शियन साम्राज्याच्या चाकरीतील ज्यू सैनिकांची वसाहत होती. या कुटुंबांचे विवाहाचे, घरखरेदीचे, दानाचे आणि वारसाचे अरामी भाषेतील कागद पपायरसवर टिकून राहिले आहेत. धर्मग्रंथांतून आदर्श कळतो, पण या कागदांमधून प्रत्यक्ष संसार दिसतो, म्हणून मला ते फार मोलाचे वाटतात.

मिब्ताह्या नावाच्या स्त्रीचे उदाहरण घ्या. ती महसेया नावाच्या ज्यू गृहस्थाची मुलगी होती. तिचा एक विवाह एशोर या इजिप्शियन माणसाशी झाला. तो राजाच्या सेवेतील बांधकाम करणारा होता. भर सभेत उभे राहून नवऱ्यापासून विभक्त होत असल्याचे जाहीर करण्याचा अधिकार त्यांच्या विवाहकरारात तिलाही दिलेला आहे. मोशेच्या नियमशास्त्रात, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, सूटपत्र (घटस्फोटाचे पत्र) देण्याचा अधिकार पुरुषाकडे आहे, तेव्हा ही सवलत लक्षणीय आहे. एका इजिप्शियन माणसाबरोबरच्या वादात, इ.स.पू. ४४० मध्ये, याच मिब्ताह्येने सती या स्थानिक देवतेच्या नावाने शपथ घेतली होती. एवढे वाचून हे घर इजिप्शियन होऊन गेले असे कोणालाही वाटेल. पण तिच्या मुलांची नावे येदान्या आणि महसेया अशी अस्सल ज्यू होती, त्यांतले एक तर तिच्या वडिलांचेच होते. आणि नंतरच्या कागदांत या मुलांच्या वडिलांचे नावही एशोर असे न येता नाथान असे येते. म्हणजे इथे ज्यू कुटुंब इजिप्शियन समाजात विरघळले नाही, तर इजिप्शियन जावई ज्यू कुटुंबात सामावला गेला.

दुसरे कुटुंब अनन्याचे. तो बेटावरील याहो, म्हणजे ज्यूंच्या यहोवा देवाच्या मंदिराचा सेवक होता आणि त्याची पत्नी तामेत ही दुसऱ्या एका ज्यू माणसाची इजिप्शियन दासी होती. इ.स.पू. ४४९ मध्ये त्यांचा करार झाला, तेव्हा ती दासीच होती. तिला आणि तिच्या मुलीला मुक्ती मिळाली ती इ.स.पू. ४२७ मध्ये. त्या मुलीचे नाव येहोइश्मा, आणि या नावात याहो देवाचेच नाव गुंफलेले आहे. मंदिराच्या सेवकाने परकीय दासीशी संसार केला म्हणून त्याला सेवेतून दूर केल्याची नोंद या कागदांत कुठेही नाही. आपल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून सांगायचे, तर या बेटावर मुलांचा धर्म आईच्या जन्मावरून नव्हे, तर घर कोणत्या देवाचे यावरून ठरत असावा, असे मला या कागदांवरून वाटते.

प्रश्न : मग या लोकांना परंपरेची फारशी पर्वा नव्हती, असे म्हणावे का?

उत्तर : असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. त्यांची परंपरा जेरुसलेमच्या परंपरेहून निराळी होती, पण ती जीवापाड जपलेली होती. त्यांच्या मंदिरासाठी गोळा केलेल्या वर्गणीच्या यादीत प्रत्येकी दोन शेकेल चांदीची नोंद आहे. त्यातील काही रक्कम याहोबरोबर इतर दोन देवतांच्या नावेही दाखवलेली आहे, आणि यिर्मया संदेष्ट्याने ज्या इजिप्तवासी ज्यू लोकांना आकाशाच्या राणीच्या पूजेबद्दल खडसावले, त्यांचीच आठवण यावरून होते. तरीही इ.स.पू. ४१० मध्ये ख्नूम या इजिप्शियन देवाच्या पुजाऱ्यांच्या चिथावणीवरून आणि पर्शियन अधिकारी विद्रंग याच्या संमतीने त्यांचे मंदिर उद्ध्वस्त करण्यात आले, तेव्हा त्यांनी बायकामुलांसह गोणपाट नेसून उपवास केले, आणि इ.स.पू. ४०७ मध्ये यहुदाच्या (जेरुसलेमच्या परिसरातील प्रांताच्या) प्रांताधिपतीला सविस्तर विनंतीपत्र लिहिले. आपण जेरुसलेमच्या महायाजकालाही पूर्वी लिहिले होते, पण उत्तर आले नाही, अशी व्यथा त्या पत्रात आहे. पुढे मंदिर बांधण्यास पाठिंबा मिळाला तो धान्यार्पण आणि धूप यांपुरताच, आणि बेटावरच्या पुढाऱ्यांनीही मेंढे, बैल, बकरे तेथे बळी दिले जाणार नाहीत असे लिहून दिले. आपले देऊळ टिकावे म्हणून त्यांनी आपल्या पूजेतला एक मोठा भाग सोडण्याची तयारी दाखवली. पूर्ण तडजोड आणि पूर्ण निष्ठा या दोन गोष्टी एकाच निर्णयात एकत्र असू शकतात, हे या पत्रव्यवहारातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसत असेल.

प्रश्न : अलेक्झांड्रियातील ज्यू हिब्रू विसरून ग्रीक बोलू लागले, ग्रीक नावे ठेवू लागले. याला धर्म सोडण्याची पहिली पायरी का म्हणू नये?

उत्तर : कारण भाषा बदलल्यावरही त्यांनी धर्मग्रंथ सोबत नेला. इ.स.पू. तिसऱ्या शतकात, इजिप्तवर राज्य करणाऱ्या टॉलेमी या ग्रीक राजघराण्याच्या काळात, मोशेचे नियमशास्त्र ग्रीकमध्ये आणले गेले आणि घरोघरी, प्रार्थनागृहांत ते ग्रीकमध्येच वाचले जाऊ लागले. फिलो या अलेक्झांड्रियन विचारवंताने नोंदवले आहे की, या भाषांतराच्या स्मरणार्थ फारोस बेटावर दरवर्षी उत्सव होत असे आणि त्याला ज्यूंबरोबर इतर लोकही जात. आपला ग्रंथ परक्या भाषेत गेला म्हणून शोक करण्याऐवजी सण साजरा करणाऱ्या समाजाला आपण काही गमावले असे वाटत नव्हते.

नावांचेही तसेच आहे. थिओडोटोस, डोसिथिओस, डोरोथिओस ही नावे ग्रीक कानाला पूर्णपणे ग्रीक वाटत आणि ज्यू कुटुंबाला त्यांत ‘देवाचे देणे’ ऐकू येई. इजिप्तच्या पूर्वेकडील वाळवंटात एल-कनाइस येथे एक मंदिर आहे, जिथे प्रवासी पॅन या ग्रीक देवाचे आभार मानत. तिथल्या खडकावर डोरिओनचा मुलगा थिओडोटोस या ज्यूने समुद्रातून वाचल्याबद्दल देवाची स्तुती कोरून ठेवली आहे, आणि टॉलेमायोस नावाच्या दुसऱ्या ज्यूनेही देवाचे आभार कोरले आहेत. दोघांनीही पॅनचे नाव घेतलेले नाही. ज्या ठिकाणी सगळे जातात तिथे ते गेले, सगळे करतात तसे आभार मानले, आणि कोणत्या देवाचे, हे लिहिताना मात्र ते जपून राहिले.

प्रार्थनागृहांवरील शिलालेखांतही हाच जपून पाऊल टाकण्याचा स्वभाव आढळतो. अलेक्झांड्रियाजवळच्या स्केडिया येथील प्रार्थनागृह तिसरा टॉलेमी आणि राणी बेरेनिके यांच्या ‘वतीने’, म्हणजे त्यांच्या कल्याणासाठी, अर्पण केलेले आहे. राजाला देव मानून त्याला अर्पण करण्याची पद्धत आजूबाजूला रुळलेली असताना, राजनिष्ठा दाखवावी पण राजाची पूजा करू नये, ही सीमारेषा त्यांनी एका शब्दप्रयोगाने सांभाळली.

सगळ्याच बाबतींत ही रेषा सांभाळली गेली, असे मात्र नाही. नियमशास्त्र आपल्या बांधवाकडून व्याज घेण्यास मनाई करते, तरीही इ.स.पू. दुसऱ्या शतकातील कर्जरोख्यांत ज्यू माणसाने दुसऱ्या ज्यूला इजिप्तमध्ये चालू असलेल्या दराने, म्हणजे महिना दोन टक्के व्याजाने, पैसे दिल्याचे आढळते. याच शतकाच्या उत्तरार्धात हेराक्लिओपोलिस येथील ज्यूंच्या स्वायत्त संस्थेकडे फिलोटास नावाच्या तरुणाने अर्ज केला. त्याची तक्रार अशी की, ज्या मुलीशी आपली सोयरीक ठरली होती, तिच्या बापाने आपल्याकडून रिवाजाप्रमाणे सूटपत्र घेण्याआधीच तिला दुसऱ्या घरी दिले. अर्ज ग्रीकमध्ये आहे, मांडणी टॉलेमीच्या राज्यातील इतर अर्जांसारखी आहे, पण मागणी मोशेच्या नियमांतली आहे. पैशाच्या व्यवहारात देशाची रीत आणि सोयरिकीत आपली रीत, अशी विभागणी या घरांनी केलेली होती. माझ्या मते आपण विचारलेल्या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर याच विभागणीत आहे: कुटुंबे ‘ज्यू राहायचे की ग्रीक व्हायचे’ असा एकच मोठा निर्णय घेत नव्हती, तर भाषा, नाव, व्याज, विवाह, शब्बाथ (आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस), सुंता यांपैकी प्रत्येक गोष्टीचा निराळा विचार करत होती.

प्रश्न : एकाच घरात यावरून मतभेद झाल्याचे उदाहरण आहे का?

उत्तर : फिलोच्या घराइतके ठळक उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. फिलोचा भाऊ अलेक्झांडर हा अलेक्झांड्रियातील अतिश्रीमंत ज्यू अधिकारी होता आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या दारांना सोन्याचांदीचा मुलामा देण्याचा खर्च त्याने केला होता, असे ज्यू इतिहासकार जोसीफस सांगतो. त्याचाच मुलगा तिबेरियस युलियस अलेक्झांडर रोमच्या सेवेत शिरला, इ.स. ४६ ते ४८ या काळात यहुदाचा अधिकारी झाला आणि पुढे संपूर्ण इजिप्तचा प्रांताधिपती झाला. तो पूर्वजांच्या चालीरीतींत राहिला नाही, असे जोसीफसने स्पष्ट लिहिले आहे. इ.स. ६६ मध्ये अलेक्झांड्रियात दंगल उसळली, तेव्हा त्याने ज्यू वस्तीवर रोमन सैन्य घातले, आणि इ.स. ७० मध्ये जेरुसलेमला वेढा पडला तेव्हा तो रोमन सेनापती तितुसच्या सेनेत वरिष्ठ पदावर होता. ज्या मंदिराची दारे त्याच्या बापाने मढवली, ते त्याच वेढ्यात जळाले.

स्वतः फिलो या दोघांच्या मधला होता. तो ग्रीक तत्त्वज्ञानात मुरलेला, नाट्यगृहात आणि खेळांच्या सामन्यांना जाणारा गृहस्थ होता. नियमांचा गूढार्थ कळल्यावर प्रत्यक्ष आचरण सोडण्यास हरकत नाही, असे म्हणणारे लोक त्याच्या आसपास होते. त्यांना तो उत्तर देतो की, सुंतेचा अर्थ वासनांचा त्याग असला तरी सुंता सोडू नये, आणि शब्बाथाचा अर्थ खोल असला तरी त्या दिवशी विस्तव पेटवू नये, कारण माणूस वाळवंटात एकटा राहत नाही, समाजात राहतो. श्रद्धेच्या युक्तिवादात शेजाऱ्यांच्या मताला जागा देणे काहींना कमीपणाचे वाटेल. मला त्यात मोठा शहाणपणा वाटतो, कारण परंपरा एकट्याने पाळता येत नाही हे त्याने ओळखले होते. या काकापुतण्यांत वादही होत असत. फिलोच्या दोन संवादग्रंथांत पुतण्याचा विरोधी युक्तिवाद मांडलेला आहे आणि काका त्याला संयमाने उत्तर देतो.

प्रश्न : इतकी शतके चाललेली ही तडजोड शेवटी कशामुळे मोडली?

उत्तर : मुख्यतः रोमन राज्यकर्त्यांनी माणसांची दर्जानुसार कडक वर्गवारी केली म्हणून. इ.स.पू. ३० मध्ये इजिप्त रोमकडे गेल्यावर डोईपट्टी, म्हणजे माणशी कर, लागू झाली. अलेक्झांड्रियाच्या नागरिकांना त्यातून सूट होती, सर्वसाधारण ज्यूंना नव्हती. इ.स.पू. ५-४ च्या सुमारास ट्रिफोनचा मुलगा हेलेनोस याने प्रांताधिपतीकडे अर्ज केला. त्यात त्याच्या नावापुढे आधी ‘अलेक्झांड्रियन’ असे लिहिलेले होते. ते खोडून ‘अलेक्झांड्रियाचा ज्यू’ अशी दुरुस्ती केलेली आहे. वडील अलेक्झांड्रियन होते आणि ऐपतीप्रमाणे आपण योग्य शिक्षण घेतले, असे तो सांगतो. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही ओळखी सहज बाळगल्या, त्याला आता त्यांपैकी एकच लिहिण्याची मुभा उरली. इ.स. ३८ मध्ये शहरात ज्यूंवर भीषण हल्ले झाले. इ.स. ४१ मध्ये सम्राट क्लॉडियसने त्यांच्या चालीरीतींना संरक्षण दिले, पण त्याच पत्रात व्यायामशाळांच्या खेळांत घुसू नका, आणि आपल्या नसलेल्या शहरात जे मिळते त्यात समाधान माना, असेही बजावले. इ.स. ७० नंतर जेरुसलेमच्या मंदिराला जाणारी वर्गणी रोमच्या ज्युपिटर देवासाठी कर म्हणून वळवण्यात आली. पूर्वी ती प्रौढ पुरुष देत. आता स्त्रिया, तीन वर्षांवरील मुले आणि दासही त्यात धरले गेले, आणि या वसुलीच्या खापरांवरील पावत्या एडफू येथे सापडल्या आहेत. इ.स. ११५ ते ११७ मध्ये ज्यूंनी केलेल्या उठावानंतर इजिप्तमधील ज्यू समाज जवळजवळ संपला. ऑक्सिरिंकस गावात त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनीही ज्यूंवरील विजयाचा वार्षिक उत्सव साजरा होत होता.